मोबाईलचा उपवास आणि त्याचे पारणे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी मोबाईलच्या वापराविषयी कोणीतरी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा एखाद्या डॉक्टरांना अथवा प्राध्यापकांना पाचारण करावे, असे मी स्वतःच म्हणालो होतो. माझे शिक्षण बी. कॉम. आणि उभे आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेले. मनाचे शास्त्र मी शिकलो नाही. तरीही अखेरीस हे काम मी स्वीकारले, त्याला एक कारण घडले आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातली भर दुपार होती. नोकर जेवायला गेलेला, मी एकटाच गादीवर. नीरा नदीपलीकडच्या एका गावातले कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आले. या घराशी आमचा तीन पिढ्यांचा व्यवहार. आज आजोबा झालेल्या त्या गृहस्थांच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता माझ्या वडिलांनी बांधून दिला होता. ते दारात उभे राहिले, "शेट" अशी हाक मारली. मी मान वर न करता म्हणालो, "बसा, दोनच मिनिटं." माझ्या हातात मोबाईल होता आणि त्यात कुठल्याशा शहरातल्या हॉटेलात तव्यावर काहीतरी उलथे-पालथे होत होते. मला त्या पदार्थाची आवड नाही, तो आपल्याला वर्ज्य आहे, आणि तरीही मी बघत होतो. मान वर केली तेव्हा दुकान रिकामे होते. त्यांनी बस्ता भोरला बांधला, हे नंतर समजले. पुढे महिन्याभराने ते आजोबा एस. टी. स्टँडवर भेटले. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "तुम्ही कामात होता शेट." त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरे वाटले असते. ते मनापासून तसे समजले होते.

एका बस्त्याने दुकान बुडत नाही. परंतु वडिलांनी चाळीस वर्षे जी गादी सांभाळली, त्या गादीवर बसून मी गिऱ्हाइकाकडे पाहिले नाही, ही नोंद कोणत्या खात्यावर घालावी हे मला आजतागायत समजलेले नाही.

त्याच वर्षी पर्युषणात आपल्या संघाने मोबाईलचा उपवास केला, हे आपणा सर्वांस स्मरत असेल. उपाश्रयाच्या दाराशी लाकडी पेटी ठेवली होती. सकाळच्या व्याख्यानाला येताना मोबाईल पेटीत ठेवायचा, तो सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर घ्यायचा, आणि व्यापाऱ्यांना दुपारपुरती सवलत. ही कल्पना आपल्यापुरतीच नव्हती. २०२२ सालच्या पर्युषणात मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंज येथील जैन बांधवांनी मोठ्या संख्येने चोवीस तासांचा असा उपवास केला होता आणि आपले मोबाईल मंदिरात नेऊन ठेवले होते. ती बातमी वाचूनच आपल्याकडे हे ठरले.

आठ दिवस उत्तम गेले, हे मी प्रांजळपणे सांगतो. प्रतिक्रमणात मन लागले. झोप लवकर येऊ लागली. उपाश्रयाच्या अंगणात मुले लगोरी खेळली, आणि लगोरीचे नियम त्यांना कोणीतरी शिकवावे लागले ही गोष्ट वेगळी. शेवटच्या दिवशी पूर्ण आठ दिवस नियम पाळणाऱ्यांची नावे व्यासपीठावरून वाचली गेली, टाळ्या झाल्या. त्या यादीत माझेही नाव होते.

आता पारण्याचे ऐका. अठ्ठाईचे पारणे कसे करावे, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. मुगाचे पाणी, मग थोडे पातळ, मग हळूहळू नेहमीचे अन्न. आठ दिवसांच्या रिकाम्या पोटी कोणी एकदम बासुंदी-पुरी वाढत नाही, वाढली तर दवाखाना गाठावा लागतो. मोबाईलच्या उपवासाचे पारणे मात्र आम्ही सर्वांनी बासुंदी-पुरीनेच केले. आठ दिवसांचे साठलेले निरोप, चित्रे, चलच्चित्रे, सगळे एका रात्रीत. त्यातच क्षमापनेचे निरोप. मी त्या रात्री एकाच बोटाने जवळजवळ तीनशे जणांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठविले. ज्यांच्याशी माझे खरोखर काही बिनसले होते असे त्यांत दोघे होते, आणि त्यांना फोन करायचा राहून गेला. रात्री दोन वाजता सौभाग्यवतींनी दिवा मालवला.

दिवाळीपर्यंत बहुतेकांचे पूर्ववत झाले होते. कार्तिकात मी सहज चौकशी केली, तेव्हा काहींनी तर पूर्वीपेक्षा वाढल्याचे सांगितले. येथे आपण कोणाला दोष देऊ नये. पेटीचा उपक्रम खोटा नव्हता. प्रश्न असा की आठ दिवसांचा खरा लाभ आठ आठवडेही का टिकला नाही? आणि ज्या चार-सहा घरांत तो टिकला, तेथे काय वेगळे होते? कापडाचा रंग पहिल्या धुण्याला गेला, तर आम्ही कापडाला नाही, रंगाई कशी झाली त्याला विचारतो. तसेच मी विचारू लागलो, चिरंजीवांकडून थोडे वाचून घेतले, थोडे स्वतः वाचले.

प्रथम या सवयीची घडण पाहू. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. त्याच सुमारास यूपीआयने पैसे घेण्याची सोय आली, आणि नोटाबंदीनंतर दुकानदारांनी ती हळूहळू स्वीकारली. मोबाईल गल्ल्याशेजारी आला तो असा, चोरपावलांनी नव्हे तर कामाचा म्हणून. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर भरू लागली, आणि आजवर ज्या हातातून आपण तो काढून घेत होतो त्याच मुलांच्या हातात आपणच तो दिला. माझा नातू तेव्हा दुसरीत होता. शाळा पुन्हा भरली, हातातला मोबाईल मात्र परत आला नाही.

आज इचलकरंजीचा माल, सुरतेचे साड्यांचे नमुने, ट्रान्सपोर्टची पावती, बँकेचा निरोप, सर्व त्याच चौकोनातून येते. मोबाईल सोडा असे सांगणारा मनुष्य दुकानदार नसावा. आणि नेमकी हीच अडचण आहे. दारू सोडणाऱ्याला बाटली पुन्हा पाहावी लागत नाही. आपल्याला मात्र ज्या वस्तूपासून दूर राहायचे, ती दिवसातून पन्नास वेळा कामासाठी उचलावी लागते, आणि कामासाठी उचललेली ती काम संपल्यावर हातातच राहते.

तशी ती राहावी अशी तिची रचनाच आहे. आमच्या धंद्यात ठाण उलगडताना शेवट दिसतो. गिऱ्हाईक म्हणते, बस झाले. मोबाईलमधील ठाण मात्र संपत नाही. एकामागून एक मजकूर आपोआप येत राहावा, ही युक्ती २००६ मध्ये आझा रस्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने काढली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. शिवाय पुढचे चित्र चांगले निघेल की टाकाऊ, हे आधी कळत नाही. दर वेळी बक्षीस मिळत असते तर मनुष्य कंटाळला असता. कधी मिळते, कधी नाही, म्हणून तो बसून राहतो. जुगाराचा अड्डा याच तत्त्वावर चालतो, आणि आपल्या आचार्यांनी सप्तव्यसनांत जुगार का घातला हे निराळे सांगायला नको.

२०१८ साली मोबाईल बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःच उपाय दिला. दिवसात किती वेळ पाहिले ते दाखवणारा हिशोब, अमुक मिनिटांनंतर बंद होण्याची मर्यादा, रात्री पडदा करडा करण्याची सोय. ही साधने वाईट नाहीत. पण मर्यादा संपल्याचा निरोप आला की त्याच्याच खाली आणखी पंधरा मिनिटे घेण्याचे बटण असते. उपवासाला बसलेल्याच्या ताटात चमचाही ठेवायचा, असा तो प्रकार. मी ते बटण इतक्या वेळा दाबले की निरोप वाचण्याचेही सोडून दिले. म्हणजे उपायच सवयीचा भाग झाला.

याविषयी परदेशात पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील एकाने माझे विशेष लक्ष वेधले. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठात युलिया ब्रायलोव्स्काया या विदुषी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१९ लोक घेतले. एका गटाने आठवडाभर मोबाईल पूर्ण बाजूला ठेवला, दुसऱ्याने रोज फक्त एक तास वापर कमी केला, तिसऱ्याने काहीच बदलले नाही. मग महिन्याने आणि चार महिन्यांनी पुन्हा विचारणा केली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण त्याग करणाऱ्यांचा वापर चार महिन्यांनंतर पूर्वीपेक्षा रोज सरासरी ३८ मिनिटांनी कमी होता. ज्यांनी केवळ एक तास कमी केला होता त्यांचा ४५ मिनिटांनी कमी होता. शिवाय समाधान वाढणे, चिंता आणि उदासी कमी होणे हे फायदेही या एक-तासवाल्यांमध्ये अधिक आणि अधिक काळ टिकलेले दिसले.

मी हे वाचले तेव्हा थोडा दुखावलो, कारण माझे नाव टाळ्यांच्या यादीत होते. पण विचार केल्यावर पटले. पूर्ण त्यागाच्या आठवड्यात मनुष्य काय शिकतो? मोबाईल नसताना कसे राहावे हे शिकतो. परंतु आठवडा संपल्यावर तर मोबाईल असणारच आहे. मोबाईल समोर असताना कसे राहावे, याचा अभ्यास त्याने केलेलाच नसतो. एक तास कमी करणारा रोज त्याच मोबाईलसमोर, त्याच दुकानात, त्याच खुर्चीवर बसून 'आता पुरे' म्हणायला शिकत असतो. त्याच्या सवयीलाच वळण लागते. पहिल्याच्या सवयीला नुसती सुटी मिळते.

आपल्या परंपरेत हे नवे नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते आहेत. शिक्षा म्हणजे येथे दंड नव्हे, अभ्यास. सामायिक हे पहिले शिक्षाव्रत, दोन घटिकांचे, अर्थात ४८ मिनिटांचे. ते पुन्हा पुन्हा करायचे म्हणूनच त्याला शिक्षाव्रत म्हटले. आपण मात्र अठ्ठाईची मिरवणूक काढतो आणि रोजची नवकारशी पाळणाऱ्या म्हाताऱ्या आईचे नाव कोणत्याही फलकावर लिहीत नाही. मी येथे तपाचे अवमूल्यन करीत नाही, तसे कोणास वाटल्यास आत्ताच क्षमा मागतो. माझे म्हणणे केवळ मोबाईलपुरते आहे.

सवय बसायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तपासले गेले आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक छोटी नवी गोष्ट करायची होती, जेवणाबरोबर फळ खाणे, थोडे धावणे अशी. ती आपोआप घडू लागायला मध्यमान ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आता आपले आठ दिवस या हिशोबात कोठे बसतात ते पाहावे. आपले वाडवडील मात्र नियम घेत ते पुष्कळदा चातुर्मासाचा घेत, चार महिन्यांचा. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. एखादा दिवस चुकला तरी सवय बसण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या पेटीच्या उपक्रमात तिसऱ्याच दिवशी ज्यांच्याकडून नियम मोडला, त्यांनी 'आता मोडलाच' म्हणून उरलेले पाच दिवस पेटीकडे पाहिलेच नाही. पच्चक्खाण घेताना आपण जे आगार उच्चारतो त्यांचा अर्थ कधी आपण लक्षात घेतला आहे काय? अनाभोग म्हणजे विस्मरणाने झालेले, सहसाकार म्हणजे अकस्मात घडलेले. नियम घेतानाच सवलती सांगून टाकलेल्या आहेत, म्हणजे मनुष्याने एका चुकीने सर्वस्व सोडू नये. मोबाईलच्या नियमालाही असे आगार हवेत. कोणाची मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिचा फोन घ्यायचा. कोणाचे वडील रुग्णालयात आहेत. कोणाचा मालाचा ट्रक खंबाटकीत अडकला आहे. हे आधीच लिहून ठेवावे. आधी न लिहिलेली सवलत वाढत जाते, हे उधारीचे खाते सांभाळणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण सांगतो, आणि मला ते या सर्व प्रयोगांहून मोलाचे वाटते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. सुमारे तीन हजार वस्तीचे, ऊस पिकवणारे, साखर कारखान्यावर कामाला जाणारे गाव. टाळेबंदीनंतर मुले अभ्यासात लक्ष देईनात, हातातला मोबाईल सोडीनात, आणि घरातली मोठी माणसेही टीव्हीसमोरून हलेनात. गावाने १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सभेत ठरविले आणि तेव्हापासून सायंकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे.

हे सहज झाले नाही. तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळी हसली होती. मग गावातल्या स्त्रियांना एकत्र केले. आपणही मालिका आणि मोबाईलमध्ये गुंततो, हे त्यांनी कबूल केले आणि बंद करायचे ठरवले. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन आठवण करीत.

या भोंग्यात नेमके काय आहे? एक तर तो माणसाच्या मनाबाहेर आहे. आपण रोज ठरवतो की आज कमी पाहू, आणि ज्या मनाने ठरवले तेच मन सात वाजता थकलेले असते. भोंगा थकत नाही. दुसरे, तो सर्वांसाठी एकदम वाजतो. मोबाईल मुख्यतः दुसऱ्याच्या निरोपामुळे हातात घेतला जातो, आणि सगळेच बंद असले तर निरोप येणार कोठून? आपल्या संघाने आठ दिवस हेच अनुभवले, नवव्या दिवशी सगळ्यांचे एकदम सुरू झाल्यावर एकट्याला बंद ठेवणे जड गेले. आणि तिसरे मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते असे, की तो वर्षातून आठ दिवस नव्हे, तर रोज वाजायचा होता, आणि केवळ दीड तासासाठी. बाकी साडेबावीस तास त्याने कोणाला काहीच सांगितले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्शी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. हेतू स्तुत्य आहे. पण मला वैयक्तिक विचाराल तर मी वडगावच्या बाजूने आहे, कारण तेथे बापालाही बंद करावा लागतो. मुलाच्या हातातून काढून घेतलेला मोबाईल बाप स्वतः बघत बसला, तर मुलगा अठरा वर्षांचा होण्याची वाट पाहतो, एवढेच.

बंदीने काय होते याचा एक नमुना आपण देशभर पाहिला. २०२० च्या जून अखेरीस टिकटॉकवर सरकारने बंदी घातली. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. एका दुकानाचे शटर खाली आले आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात शिरले. गिऱ्हाइकाची सवय तीच होती, पाटी तेवढी बदलली.

मग ही सवय कोठे बसली आहे, हे शोधायला हवे. येथे मला माझा धंदा उपयोगी पडला. बस्त्याच्या त्या प्रसंगानंतर, आणि पर्युषणाचे पारणे फसल्यानंतर, मी एक जुनी वही घेतली आणि मोबाईलचा रोजमेळ मांडला. उचलला की वेळ लिहायची, कशासाठी उचलला ते लिहायचे, आणि ठेवला की पुन्हा वेळ. पहिल्या दिवशी ६३ नोंदी झाल्या. त्यांतल्या १९ कामाच्या होत्या. उरलेल्या ४४ नोंदींपुढे 'कशासाठी' या रकान्यात मला काहीच लिहिता येईना. शेवटी मी तेथे खरे ते लिहू लागलो. गिऱ्हाईक गेले म्हणून. चहा यायचा होता म्हणून. लाईट गेली म्हणून. मुनीम रजेवर, कंटाळा आला म्हणून. अशा त्या नोंदी. आपल्याकडे विनाकारण केलेल्या कृतीला अनर्थदंड म्हणतात. इतका स्वच्छ अनर्थदंड मी कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता, माझ्याच अक्षरात होता.

आठ दिवसांत असे दिसले की माझा मोबाईल मोकळ्या वेळात नाही, तर मोकळ्या क्षणांत शिरलेला आहे. एक गिऱ्हाईक गेले आणि दुसरे यायचे आहे, या मधल्या फटीत. पर्युषणात मी दुकानात दुपारपुरताच होतो, या फटी आल्याच नाहीत, म्हणून तो उपवास मला सोपा गेला. दुकान सुरू झाले, फटी परत आल्या, मोबाईल परत आला. माझा आठ दिवसांचा संयम त्या जागेपर्यंत पोहोचलाच नव्हता.

गंमत अशी की केवळ लिहिण्याने दुसऱ्या आठवड्यात नोंदी चाळीसच्या आत आल्या. लिहायचा कंटाळा, हेही एक कारण असेल. पण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर जो प्रयोग झाला, त्यातही याला पुष्टी मिळते. तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटेच पाहणाऱ्यांचे एकटेपण आणि उदासी कमी झाली. परंतु ज्यांना कोणतीही मर्यादा घातली नव्हती, त्यांचीही चिंता काहीशी कमी झाली, आणि आपण किती पाहतो यावर नजर राहिल्यामुळे ते घडले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हिशोब ठेवला की खर्च कमी होतो, ही गोष्ट आपल्या समाजाला विद्यापीठाने सांगायला नको.

त्यानंतर मी दोनच बदल केले. मोबाईल गल्ल्यावरून काढून आत, कपाटाच्या फळीवर ठेवला. पैसे आल्याचे ओरडून सांगणारा यूपीआयचा डबा तेवढा गल्ल्यावर ठेवला, त्यामुळे व्यवहार अडत नाही. टेक्सास विद्यापीठातील २०१७ च्या एका अभ्यासात, ज्यांचा मोबाईल दुसऱ्या खोलीत होता त्यांची बुद्धी टेबलावर मोबाईल ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक चांगली चालली, टेबलावरचा मोबाईल मुका आणि पालथा असला तरीही. दुसरा बदल असा की फटीत करायला काहीतरी दिले. कापडाचे उलगडलेले ठाण मी पुन्हा स्वतः गुंडाळतो. तीस वर्षांपूर्वी हे काम मी नोकरावर सोपवले होते. वडील शेवटपर्यंत ते स्वतः करीत, आणि करता करता दाराकडे त्यांची नजर असे.

कार्तिकातल्या चौकशीत ज्या चार-सहा घरांत लाभ टिकल्याचे दिसले, तेथेही असेच होते. एका घरी रात्रीचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायची पद्धत पर्युषणात पडली आणि तशीच राहिली. दुसऱ्या घरात आजी-नातवंडांचा सोंगट्यांचा डाव बसला. तेथे आजी हट्टी आहेत, त्यांचा वाटा मोठा आहे. ज्या घरांत मोबाईल काढला आणि ती जागा रिकामी सोडली, तेथे तो परत आला.

माझे स्वतःचे संपूर्ण साधले आहे, असा समज होऊ नये. गेल्या महिन्यात आजारपणात आठवडाभर घरी होतो, तेव्हा सगळे मुसळ केरात. नातवाने विचारले, "आजोबा, तुमची वही कुठंय?" मी वही काढली आणि त्या दिवसाची पहिली नोंद त्यालाच लिहायला सांगितली. त्याने 'कशासाठी' या रकान्यात लिहिले, 'माहीत नाही.' आता तो सातवीत आहे. स्वतःचीही वही मांडतो असे म्हणाला आहे, मी आग्रह केलेला नाही.

विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला होता आणि तो चर्चेअंती मान्य झाला आहे. पर्युषणातील पेटी राहील, ती काढण्याचे कारण नाही. परंतु येत्या दिवाळी पाडव्याला आपण दुकानांतून वहीपूजन करू, त्याच दिवसापासून रोज रात्री पावणेनऊ वाजता पाठशाळेची मुले मंदिराची घंटा वाजवतील, आणि ४८ मिनिटांनी पुन्हा. तेवढा वेळ ज्यांनी नियम घेतला त्यांच्या घरी मोबाईल एका ठरलेल्या जागी राहील. महिला मंडळाला आठची वेळ हवी होती, व्यापारी साडेनऊ म्हणत होते. त्यावर दोन बैठका झाल्या. मी माझे दुकान पाडव्यापासून साडेआठला वाढवणार आहे. अर्ध्या तासाचा धंदा जाईल, लग्नसराईत थोडा अधिकच जाईल, हे मी धरून चाललो आहे. बाजारपेठेतील इतरांवर कोणतीही सक्ती नाही.

नावे वाचली जाणार नाहीत. टाळ्या नाहीत, प्रशस्तिपत्रक नाही. पर्युषणानंतर आठ दिवस पेटी हळूहळू उघडायची, म्हणजे पहिल्या दिवशी फोन आणि कामाचे निरोप, बाकीचे त्यानंतर, असे पारणेही महिला मंडळाने आखून दिले आहे. त्यातील मुगाच्या पाण्याचा विनोद त्यांचाच आहे, माझा नाही.

दाराशी टेबलावर साठ वह्या ठेवल्या आहेत. दुकानातील उरलेल्या जाड कापडाच्या बांधणीच्या आहेत, रंग निरनिराळे आहेत, कृपया निवडत बसू नये. पहिल्या पानावर आगारांसाठी जागा सोडली आहे, ते घरी सर्वांनी मिळून भरावे. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी घ्यावी, नोंद करण्याची आवश्यकता नाही.

जय जिनेंद्र.